शेवटच्या सत्राचे श्रोते

गणिताच्या विभागीय परिषदेचं वेळापत्रक हातात आलं की पहिलं पान मी भरभर उलटते. तिथे उद्घाटन असतं, पाहुण्यांची मनोगतं असतात, बीजभाषण आणि मोठ्या संस्थांमधून आलेल्या प्राध्यापकांची व्याख्यानं असतात. ती ऐकण्यासारखी असतातच. पण मला ओढ असते ती मागच्या पानांवरच्या बारीक टायपातल्या यादीची. जेवणानंतरची समांतर सत्रं, हॉल क्रमांक दोन, हॉल क्रमांक तीन आणि एकाखाली एक पेपरांची शीर्षकं. प्रत्येकाला दहा मिनिटं. बोलणारे बहुतेक पीएचडी करणारी मुलं-मुली, तालुक्याच्या कॉलेजातले शिक्षक, कधी एखादे निवृत्त सर. विषय ठरलेले: फिक्स्ड पॉइंट थिअरी, फझी मेट्रिक स्पेस, फ्रॅक्शनल डिफरन्शियल इक्वेशन्स, ग्राफ लेबलिंग, लॅटिस आणि पोसेट, थोडी नंबर थिअरी.

या सत्रांना गर्दी नसते. सकाळच्या व्याख्यानाला भरलेलं सभागृह दुपारी दोन-तीन खोल्यांत विभागतं आणि त्यातले निम्मे लोक परतीच्या एसटीची वेळ बघत असतात. खोलीत उरतात ते स्वतः पेपर वाचणारे, त्यांचे गाइड आणि चेअरपर्सन. आपला पेपर झाला की माणूस हळूच उठून जातो, म्हणून सत्राच्या शेवटी बोलणाऱ्यासमोर तीन-चार माणसंही नसतात. मी शेवटपर्यंत बसते. हे सौजन्य म्हणून नव्हे. गणिताची सिद्धता दुसऱ्याला पटल्याशिवाय पुरी होत नाही, असं मी मनापासून मानते. घरी वहीत लिहिलेलं प्रमेय तोवर एका माणसाचा विश्वास असतं. खोलीतल्या कुणीतरी ‘ही दुसरी पायरी कशी आली?’ असं विचारलं आणि उत्तर मिळालं, की मग ते गणित होतं. त्या दहा मिनिटांत हे घडू शकतं, आणि ज्या मुलांना घरी, कॉलेजात, गावात हा विषय बोलायला एकही माणूस नाही, त्यांच्यासाठी तर ते तिथेच घडू शकतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सत्रात एक मुलगी झीरो-डिव्हायजर ग्राफवर बोलायला उभी राहिली. बीमर या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या निळ्या स्लाइड्स, पहिल्या तीनही व्याख्यांनी भरलेल्या. चेअरपर्सननी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. चौथ्या स्लाइडवर मात्र तिने एक चित्र दाखवलं आणि मी सावरून बसले.

ते चित्र कुणालाही काढता येईल. घड्याळासारखी १२ ची मोजणी घ्या. १२ झाले की पुन्हा शून्य. या मोजणीत ३ ला ४ ने गुणलं तर १२ येतात, म्हणजे शून्य. दोन्ही संख्या शून्य नाहीत, तरी गुणाकार शून्य. शाळेत ‘गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक शून्य असलाच पाहिजे’ हे आपण इतकं घोकलेलं असतं की इथे पहिल्यांदा थबकायला होतं. या मोजणीत असं वागणाऱ्या संख्या, म्हणजेच झीरो-डिव्हायजर, सात आहेत: २, ३, ४, ६, ८, ९ आणि १०. प्रत्येकीसाठी एक बिंदू काढायचा आणि ज्या दोघींचा गुणाकार शून्य होतो त्यांना रेषेने जोडायचं. ६ जोडला जातो २, ४, ८ आणि १० शी. ३ आणि ९ हे दोघेही ४ आणि ८ शी. एकूण आठ रेषा. अशा बिंदू-रेषांच्या चित्रालाच ग्राफ म्हणतात. आता या बिंदूंना असे रंग द्यायचे की जोडलेल्या दोन बिंदूंचा रंग एक नको. ३, ६, ९ ला एक रंग आणि उरलेल्या चौघांना दुसरा. दोन रंगांत काम भागतं. एक बीजगणितातली गोष्ट होती, तिचं चित्र झालं, आणि आता चित्राकडे बघून बीजगणिताबद्दल प्रश्न विचारता येतात.

ही कल्पना १९८८ साली इस्तवान बेक यांनी मांडली. १२ च्या मोजणीसारख्या, बेरीज आणि गुणाकार करता येणाऱ्या रचनेला रिंग म्हणतात. कुठल्याही ग्राफमध्ये ज्यातले सगळे बिंदू एकमेकांशी जोडलेले आहेत असा गट सापडला, तर त्या गटात जितके बिंदू, तितके रंग तरी लागणारच. बेक यांची अटकळ अशी होती की या रिंगांपासून बनलेल्या ग्राफमध्ये रंग तितकेच पुरतात, जास्त लागत नाहीत. पुष्कळ रिंगांसाठी ते खरंही ठरलं. मग १९९३ साली अँडरसन आणि नसीर यांनी ३२ घटकांची एक रिंग दाखवली: तिच्यात एकमेकांशी जोडलेल्यांचा सर्वात मोठा गट पाचांचा आणि रंग मात्र सहा लागतात. अटकळ कोसळली, पण तिच्यामुळे विषय उभा राहिला. कुठे ती खरी आहे, कुठे नाही, रिंगऐवजी दुसरं काही घेतलं तर काय होतं, हे प्रश्न आजही चालू आहेत. आपल्याकडे लॅटिस आणि पोसेट यांवर, म्हणजे ज्यांतले काही घटक एकमेकांच्या वर-खाली असतात अशा संचांवर, काम करणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले एन. के. ठाकरे याच विषयातले. म्हणून आपल्या परिषदांमध्ये हा ग्राफ पोसेटच्या अंगाने पुन्हा पुन्हा भेटतो. त्या मुलीचा पेपरही त्यातलाच होता.

तिचं संपलं. ‘एनी क्वेश्चन्स?’ झालं. नेहमीची शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून एक निवृत्त सर उठले आणि सरळ मराठीत म्हणाले, ‘अगं, शून्य कुठे गेलं? ज्याच्यामुळे या रेषा आल्या तेच चित्रात नाही.’

प्रश्न साधा होता, पण विषयाच्या गाभ्याला हात घालणारा. बेक यांच्या मूळ ग्राफमध्ये रिंगेतला प्रत्येक घटक होता, शून्यसुद्धा. शून्य वगळून फक्त झीरो-डिव्हायजर घ्यायचे, हा बदल अँडरसन आणि लिव्हिंग्स्टन यांनी १९९९ साली केला. ती मुलगी क्षणभर थांबली, स्लाइड्स सोडून फळ्याकडे वळली आणि खडूने बाराच्या बारा बिंदू काढले. ‘सर, शून्य ठेवलं तर ते सगळ्यांशीच जोडलं जातं. १, ५, ७, ११ नुसते त्याला लटकतात, बाकी कुणाशी त्यांचा संबंध नाही. एक रंग वाढतो, पण आपल्याला जी रचना बघायची ती झाकली जाते.’ सर म्हणाले, ‘बरं. मग पोसेटमध्ये तर गुणाकारच नाही. तिथे रेषा कशी काढतेस?’ ती म्हणाली, ‘दोघांच्याही खाली असणारा घटक फक्त शून्य असेल, तर जोडायचं.’ आणि मग तिने, तोवर एकदाही न केलेली गोष्ट केली: लहान पोसेटचं एक उदाहरण घेऊन सगळा ग्राफ आमच्यासमोर काढला. वेळ संपली होती. चेअरपर्सननी घड्याळ उलटं ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. तिचं संशोधन काय आहे ते आम्हाला त्या पाच मिनिटांत कळलं. आधीची दहा मिनिटं ती नियमाप्रमाणे पेपर वाचत होती.

असा प्रश्न फार क्वचित येतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यामागे व्यवस्थेची कारणं आहेत. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीने शिक्षकांच्या बढतीसाठी कामगिरी मोजणारे एपीआय गुण आणले. त्यात परिषदेत पेपर वाचण्याला गुण होते: स्थानिक पातळीला ३, विभागीय किंवा राज्य पातळीला ५, राष्ट्रीय ७.५, आंतरराष्ट्रीय १०. पुढे २०१८ मध्ये नियम बदलले, पण त्या आठ वर्षांत परिषदांची सवय पक्की झाली. परिषदांची संख्या वाढली, त्यांच्या नावांत ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हे शब्द वाढले, आणि दुपारच्या एका सत्रात दहाऐवजी वीस पेपर बसवले जाऊ लागले. मी अशा सत्राला बसले आहे जिथे प्रत्येकाला पाच मिनिटं दिली गेली आणि प्रश्न ‘चहाच्या वेळी विचारा’ असं आधीच जाहीर झालं. पाच मिनिटांत गणित सांगता येत नाही. शीर्षक, व्याख्या, ‘मेन रिझल्ट’ असं लिहिलेली स्लाइड आणि आभार. बोलणाऱ्याची चूक नाही यात. त्याला तेवढंच करायला सांगितलेलं असतं.

काही पेपरांत नवं फारसं नसतं, हेही खरं आहे. एका प्रमेयातली एक अट थोडी सैल करायची, मेट्रिक स्पेसच्या, म्हणजे बिंदूंमधलं अंतर मोजता येणाऱ्या संचाच्या, जागी आणखी एखादं विशेषण लावलेली स्पेस घ्यायची, आणि बानाखच्या प्रमेयाची सिद्धता पुन्हा तशीच चालवायची. बानाख यांचं ते प्रमेय १९२२ साली छापून आलं. त्याचं सौंदर्य हे की प्रत्येक पावलाला अंतर ठरावीक प्रमाणात आकुंचन पावत असेल, तर शेवटी एक बिंदू जागचा हलत नाही, एवढ्या छोट्या वाक्यातून डिफरन्शियल इक्वेशनला उत्तर असतं याची हमी मिळते. शंभर वर्षांत त्याची शेकडो रूपं झाली. त्यातलं कुठलं रूप एखादा खरा प्रश्न सोडवतं आणि कुठलं नुसतंच रूप आहे, हे विचारायला हवं. ‘तुमच्या प्रमेयात बसतं आणि बानाखच्या प्रमेयात बसत नाही असं एक उदाहरण द्या,’ हा एकच प्रश्न प्रत्येक सत्रात कुणीतरी विचारला, तर पुढच्या वर्षीचे पेपर सुधारतील असा माझा विश्वास आहे. मी तो विचारते. ज्यांच्याकडे उदाहरण असतं त्यांचा चेहरा खुलतो. ज्यांच्याकडे नसतं, त्यांतले काही जण नंतर चहाच्या टेबलाशी येऊन विचारतात, ‘मॅडम, असं उदाहरण शोधायचं कसं?’ तेव्हा आम्ही वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागतो.

ग्राफ लेबलिंगच्या पेपरांना नाकं मुरडणारे खूप आहेत. मी त्यांच्यात नाही. ज्याला कधी हा खेळ माहीत नाही त्याने एका रेषेवर चार बिंदू काढावेत आणि त्यांना क्रमाने ०, ३, १, २ अशा संख्या द्याव्यात. शेजाऱ्यांमधले फरक येतात ३, २, १. प्रत्येक फरक वेगळा, एकही सुटला नाही, एकही दोनदा आला नाही. अशा लेबलिंगला ग्रेसफुल म्हणतात. हे नाव सॉलोमन गोलोम यांनी दिलं. फांद्या फुटत जाणारा, कुठेही चक्र न होणारा प्रत्येक ग्राफ, म्हणजे प्रत्येक ‘ट्री’, ग्रेसफुल असतो का? अलेक्झांडर रोझा यांनी १९६६ साली रोममधल्या एका परिसंवादात या लेबलिंगवरचा निबंध मांडला, १९६७ मध्ये तो छापून आला, आणि ग्रेसफुल ट्रीची अटकळ आजही सुटलेली नाही. जोसेफ गॅलियन यांच्या लेबलिंगवरच्या सतत अद्ययावत होणाऱ्या सर्वेक्षणात हजारो पेपरांची नोंद आहे आणि त्यात भारतीय नावं भरपूर सापडतात. तेव्हा तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक जेव्हा एखाद्या नव्या ग्राफ-कुटुंबाचं लेबलिंग घेऊन उभा राहतो, तेव्हा तो अर्ध्या शतकाहून जुन्या प्रश्नाच्या काठावर उभा असतो. त्याचं पाऊल लहान असेल. पण महागड्या जर्नलांचं सभासदत्व नसलेल्या, आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवणाऱ्या माणसाला ज्या प्रश्नावर कागद-पेन्सिल घेऊन काम करता येतं, असे प्रश्न किती उरलेत?

फ्रॅक्शनल कॅल्क्युलसची गोष्ट वेगळी, आणि आपल्या अधिक जवळची. एखाद्या फलाचं अर्ध्यांदा डेरिव्हेटिव्ह घेता येईल का, हा प्रश्न १६९५ साली लायब्निझ आणि लोपिताल यांच्या पत्रव्यवहारात आला होता. त्या प्रश्नातून वाढलेल्या समीकरणांची उत्तरं काढण्यासाठी पुणे विद्यापीठातल्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि हुसेन जाफरी यांनी २००६ साली एक पद्धत मांडली, आणि ती जगभर वापरली जाते. आपल्या सत्रांत ती पद्धत वापरणारा पेपर आला की बोलणाऱ्याच्या आवाजात थोडा हक्क ऐकू येतो. मला तो आवडतो.

या सगळ्याचा विचार करताना माझ्या मनात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर येतातच. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण. तिथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. आणि आयुष्यभर संख्या. त्यांनी केलेलं बरंचसं काम त्यांनी स्वतःच पुस्तिका करून छापलं. त्यांवर ‘खाजगी मुद्रण, देवळाली’ अशा अर्थाच्या ओळी असत. अनेक व्यावसायिक गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटे.

१९४९ साली मद्रासमधल्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येबद्दल सांगितलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर हीच क्रिया केली की पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथे पोचते.

हे ऐकल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘गंमत आहे’ अशी होते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. थोडं थांबून बघितलं तर खाली गणित आहे. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी येते ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). म्हणजे चार अंक काय आहेत याने फरक पडत नाही. बाहेरच्या दोघांतला फरक आणि आतल्या दोघांतला फरक एवढंच कामाचं. आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून अशा जोड्या फक्त ५४ होतात. जवळपास दहा हजार संख्यांचा गोतावळा पहिल्याच पायरीत ५४ वर येतो, आणि तेवढ्या हाताने तपासता येतात. मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना हे करायला देते.

कापरेकरांनी आणखीही पुष्कळ केलं. ज्या संख्येला ‘आई’ नाही, म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी येत नाही, तिला त्यांनी स्वयंभू म्हटलं. २१ स्वयंभू नाही, कारण १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. २० मात्र कुणापासूनच येत नाही. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिलं. याच संख्यांना पुढे ‘निव्हन संख्या’ असंही म्हटलं जाऊ लागलं, कारण १९७७ साली इव्हान निव्हन यांनी एका नंबर थिअरीच्या परिषदेत त्यांवर व्याख्यान दिलं. एकच कल्पना, एक माणूस देवळालीच्या शाळेतला, दुसरा ऑरेगॉन विद्यापीठातला नामवंत प्राध्यापक. निव्हन यांचा यात काही दोष नाही. फक्त कुठल्या खोलीत कोण ऐकत बसलं होतं, यावर नाव ठरलं. कापरेकरांचं नाव जगभर झालं ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर. मद्रासच्या परिषदेला तोवर पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि कापरेकर सत्तरीत होते. ऐकणारा एक चांगला माणूस मिळायला एवढा काळ जाऊ नये असं मला फार वाटतं.

आपल्या देशात गणिताची पहिली मोठी संघटनासुद्धा याच गरजेतून निघाली. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी ती सुरू केली, तेव्हा तिचं नाव अ‍ॅनालिटिक क्लब होतं. पुढे ती इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. अय्यर सरकारी नोकरीत होते, डेप्युटी कलेक्टर. गावोगावी एकेकटे बसून गणित करणाऱ्यांना पुस्तकं आणि नियतकालिकं मिळावीत, एकमेकांचा पत्ता लागावा, एवढी साधी त्यामागची इच्छा. ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात होतं. सोसायटीच्या जर्नलमध्ये १९११ साली रामानुजन यांचा बर्नुली संख्यांवरचा पहिला शोधनिबंध आला. १९१६ साली मद्रासला पहिली परिषद भरली. आज नियतकालिकं फोनवर येतात. घरी बसून कुठल्याही विद्यापीठातलं व्याख्यान बघता येतं. तरी लातूरहून, गडहिंग्लजहून, शहाद्याहून माणसं रात्रीच्या गाडीने निघून परिषदेला येतात. ऐकायला खूप काही आहे आता, पण आपलं ऐकणारं कुणी हवं असतं.

किती श्रोते हवेत, याचं उत्तर मला क्योनिग्सबर्गच्या एका परिषदेत सापडलं. ज्या शहराच्या सात पुलांवरून ऑयलरच्या हातून ग्राफ थिअरी सुरू झाली तेच हे शहर. सप्टेंबर १९३० मध्ये तिथे गणिताच्या पायाभूत प्रश्नांवर एक छोटी परिषद होती. २४ वर्षांच्या कुर्ट गोडेलने आधीच्या दिवशी आपला वीस मिनिटांचा पेपर वाचला होता. शेवटच्या दिवशी, ७ तारखेला, चर्चेच्या ओघात त्याने एक वाक्य सांगितलं: अंकगणितात अशी विधानं असू शकतात जी खरी आहेत, पण गणिताच्या ठरलेल्या औपचारिक पद्धतीतून सिद्ध होत नाहीत. चर्चा पुढे सरकली.  खोलीत एकाच माणसाचे कान टवकारले, जॉन फॉन नॉयमन यांचे. त्यांनी गोडेलला बाजूला घेऊन आणखी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात त्या काळचे थोर गणितज्ञ हिल्बर्ट यांनी भाषणात ‘आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळेलच’ असं ठामपणे सांगितलं. आदल्या दिवशी काय बोललं गेलं ते त्यांना माहीत नव्हतं. गोडेलचं प्रमेय फॉन नॉयमन नसते तरी छापलं गेलं असतं. पण त्या दिवशी ते ऐकलं गेलं ते एका माणसामुळे.

दुपारच्या सत्रात मी गोडेल शोधत बसत नाही. तिथे बोलणारी मुलं मला माझ्या वर्गातली मुलं वाटतात. गेल्या काही वर्षांत परिषदा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही एखादं सत्र ठेवू लागल्या आहेत, हा मला सगळ्यात आनंदाचा बदल वाटतो. आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने अशा सत्रात कापरेकरांची क्रिया पाच अंकांवर करून दाखवली. पाच अंकांत सगळ्यांना खेचणारी एक संख्या नाही. संख्या फिरत राहतात: ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून पुन्हा ५३९५५. आणखी दोन चक्रं आहेत, प्रत्येकी चार-चार संख्यांची. हे आधी माहीत असलेलंच आहे, पण त्याने ते स्वतः, वहीत, चार अंकांच्या सूत्राला पाच अंकांचं रूप देऊन शोधलं होतं, आणि चक्रं तीनच का हे फळ्यावर पटवून दिलं. बोलताना आधी घशाला कोरड पडली होती. सूत्र लिहायला लागल्यावर तो विसरला की समोर कुणी आहे.

शेवटी दुसऱ्या कॉलेजच्या एका बाईंनी विचारलं, ‘सहाचं काय होतं रे?’ त्याला माहीत नव्हतं. ‘मॅडम, बघतो,’ म्हणाला. परतीच्या एसटीत मागच्या सीटवर बसून तो वजाबाक्या करत होता आणि पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर कागद आला: ५४९९४५ जागची हलत नाही, ६३१७६४ ही पण हलत नाही, आणि सात संख्यांचं एक चक्र आहे. खाली लिहिलं होतं, ‘चाराला एक, पाचाला एकही नाही, सहाला दोन. का?’

हे ‘का’ त्या बाईंच्या प्रश्नातून आलं. म्हणून परिषदा भरवणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. पेपर कमी घ्या. दहा मिनिटांऐवजी पंधरा द्या आणि त्यातली शेवटची पाच प्रश्नांसाठी वेळापत्रकात छापा, म्हणजे ती कुणाला काढून घेता येणार नाहीत. प्रोजेक्टर असू दे, पण खोलीत फळा आणि खडूही ठेवा. चेअरपर्सनना पेपरांचे सारांश आदल्या दिवशी द्या. प्रत्येक पेपरसाठी एक प्रश्न त्यांच्याकडे तयार असावा. मराठीत प्रश्न आला तर मराठीत उत्तर द्यायला मुभा असू दे. प्रमाणपत्रं सत्र पूर्ण बसलेल्यांना सत्राच्या शेवटी द्या. आणि पदवीच्या मुलांचं सत्र शेवटच्या दिवशी जेवणानंतर ठेवू नका. ते पहिल्या दिवशी सकाळी ठेवा, बीजभाषणाला आलेले पाहुणे अजून सभागृहात असतात तेव्हा.